चंपत मिस्त्रीची सही

नाव चंपत, पण हा माणूस आयुष्यात कधी कुठून चंपत झाला नाही. भांडण असो की बिघाड, तो समोर उभा राहायचा. तेलंगणातल्या आदिलाबादच्या बसस्टँडमागे वीस वर्षं त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं, आणि त्या गॅरेजात हातोडीपेक्षा त्याचा आवाज मोठा होता. घासून गुळगुळीत झालेल्या टायरवर बायको-लेकरं बसवून कोणी आलं, की आधी शिव्या, मग पाना. "मरायचं असंन तर एकटा मर ना! लेकराले काऊन घेऊन जातं संगं?" लोक मुकाट ऐकून घ्यायचे. चंपत मिस्त्रीच्या हातून निघालेली गाडी रस्त्यात दगा देत नाही, हे बेल्यापासून इच्चोड्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

पुढं गाड्या बदलल्या. कार्बोरेटर गेले, सेन्सर आले. कान लावून कळणारा बिघाड मशीन जोडल्याशिवाय कळेनासा झाला. नवीन गाडी घेणारा माणूस वॉरंटी बुडेल या भीतीनं बाहेरच्या मिस्त्रीला हात लावू देईना. गॅरेजासमोर दिवसभरात एखादी जुनी खटारा तेवढी उभी दिसायची. अशात एक दिवस हायवेवरच्या नव्या शोरूमचा मॅनेजर सुरेंद्र स्वतः आला. तो मालकाचा पुतण्या; शोरूमच्या आधी त्या घरचं बाजारात भुसाराचं दुकान होतं. गॅरेजात खुर्ची नव्हती, तर ऑईलच्या उलट्या डब्यावर बसला आणि म्हणाला, "चंपतभाऊ, तुमी आमच्याकडे या. पाना धराची गरज नाई. पोट्टे काम करतीन, तुमी फक्त शेवटी गाडी चालवून पाहाची. तुमी हो म्हटलं तरच गाडी गेटाबाहेर जाईन."

चंपतला ते पटलं. खरं सांगायचं तर तो सुखावलाही.

शोरूममध्ये या कामाला 'फायनल' म्हणत. सर्व्हिस झालेली गाडी चंपतकडे यायची. तो ती बायपासवर दोन-तीन किलोमीटर पळवायचा, ब्रेक दाबायचा, हँडल सोडून पाहायचा, आणि परत आल्यावर काउंटरवरच्या पंकजला सांगायचा, काय ठीक आहे आणि काय नाही. पंकज ते कॉम्प्युटरवर टाइप करायचा, कार्ड छापून निघायचं, आणि खालच्या चौकोनात चंपत सही करायचा. मराठीत, जाड अक्षरात, शेवटच्या 'त'ला लांब शेपूट काढून. तो मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकला होता. तेलुगू बोलायचा फर्डी, वाचायचा मात्र बसच्या पाटीपुरती. इंग्रजी म्हणजे आकडे आणि पार्टची नावं. कार्ड सगळं इंग्रजीत. वरती काय लिहिलं आहे, हे चार वर्षांत त्यानं एकदाही कोणाकडून वाचून घेतलं नाही. सांगणारा तो, लिहिणारा पंकज. मध्ये खोटं कुठून येणार? इथंच त्यानं माती खाल्ली.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका नव्या मॉडेलच्या गाड्या सर्व्हिसला यायला लागल्या. पुढं डिस्क ब्रेक. उभ्या गाडीवर ब्रेक दाबला की टणक, काही खोट नाही. पण बारा-पंधरा किलोमीटर पळवून, ब्रेक चांगला तापवून मग दाबून धरला, की लीव्हर हळूहळू खचत हँडलच्या मुठीला येऊन टेकायचं आणि गाडी पुढं जातच राहायची. चंपतला पहिल्याच गाडीत शंका आली, आणि ती लांबवर पळवून त्यानं रोग ओळखला. हँडलपाशी ब्रेकच्या ऑईलची छोटी नळी असते, तिला मिस्त्री लोक मास्टर म्हणतात. तिच्या आतलं रबर दाब देऊन ऑईल पुढं ढकलतं. हे रबरच कच्चं होतं. तापलं की मऊ पडायचं आणि ऑईल मागच्या मागं सरकायचं.

"पंकज, याचं मास्टर कंपनीतूनच खराब आलं," त्यानं सांगितलं. "ब्रेकच्या नळीतली हवा काढून काही होत नाई. वॉरंटीत बदलून मांगव."

"हो काका. मागवतो. पार्ट आला की गिऱ्हाइकाले फोन करतो."

"अन् तोवर?"

"हळू चालवा म्हणून सांगतो ना."

चंपतनं सही केली. मग दुसरी गाडी आली, तिसरी आली. प्रत्येक वेळी तो तेच सांगायचा, पंकज मान हलवायचा, चंपत सही करायचा. पोळ्यापर्यंत अशा सात गाड्या झाल्या.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी शोरूमच्या गेटात एक मालवाहू ऑटो येऊन थांबला आणि त्यातून दोरीनं बांधलेली मोटरसायकल उतरवली. मागोमाग एक बाई उतरली. पस्तिशीची, उजव्या कोपराला बँडेज, गालावर काट्यांचे ओरखडे. ही दीक्षा. राहायची इच्चोड्याला, आणि नेरडीगोंड्याच्या पुढं डोंगर उतरून एका खेड्यातल्या मराठी शाळेवर शिकवायला जायची. त्या खडकाळ रस्त्यावर स्कूटीचं लहान चाक टिकत नाही, म्हणून तिनं मोटरसायकल घेतली होती. ब्रेकसाठी याआधी दोनदा येऊन गेली होती.

चंपत आत वर्कशॉपमध्ये होता. काउंटरवरचा आवाज त्याला काचेपलीकडून ऐकू यायला लागला.

"मॅडम, गाडी तर ओके दाखवून राह्यली," पंकज म्हणत होता. "तुमी समोरचा ब्रेक लय मारत असान. लेडीज लोकांचं होते असं. मागचा वापरत जा."

"अकरा वर्षं झाले, मी मोटरसायकल चालवून राह्यली. तू तवा शाळेत होता." दीक्षाचा आवाज चढला. "काल उतारावर समोर म्हशी आल्या. ब्रेक दाबला तर लीव्हर सपशेल मुठीले येऊन टेकलं. मी गाडी झुडपात घातली म्हणून इथं उभी हाय. झुडूप नसतं तर खाली दरी हाय, माहीत हाय काय तुले?"

सुरेंद्र केबिनमधून बाहेर आला. आवाज मऊ, चेहऱ्यावर गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं हसू. "मॅडम, शांततेनं घ्या. आमच्याकडं सगळं लेखी असते. दोन्ही वेळा तुमची गाडी तपासली. आमचा मिस्त्री तीस वर्षांचा अनुभवी माणूस हाय, साऱ्या जिल्ह्यात नाव हाय त्याचं. त्यानं स्वतः चालवून पाहिली. ही पाहा त्याची सही."

"बोलवा त्याले."

चंपत हात पुसत बाहेर आला. दीक्षानं पर्समधून दोन घडी केलेली कार्डं काढून त्याच्या तोंडासमोर धरली.

"ही सही तुमची होय?"

"होय, माझीच."

"मग लाज वाटत नाई काय तुमाले, असं लिवाले?"

चंपतच्या भुवया वर गेल्या. आजवर कोणत्याच गिऱ्हाइकानं त्याला असं विचारलं नव्हतं. "मी काय लिवलं? मी तर म्हटलं होतं का मास्टर बदला. या पंकजले विचारा. दोन्ही वेळा म्हटलं."

"नाटक करू नका. वाचा ना हे!"

त्यानं कार्ड हातात घेतलं. कागदावर त्याच्या बोटांचे ऑईलचे डाग उमटले. वरच्या ओळी इंग्रजी, खाली त्याचा शेपूटवाला 'त'. शोरूममधले चार-पाच गिऱ्हाईक पाहत होते. पंकजनं मान खाली घालून उगाच कीबोर्ड पुसायला घेतला.

"मले इंग्रजी येत नाई, मॅडम," चंपत म्हणाला.

दीक्षानं कार्ड परत घेतलं आणि वर्गात धडा वाचावा तशी एकेक शब्द सोडवून मराठीत वाचू लागली. "समोरचा ब्रेक तपासला. गाडी चालवून पाहिली. दोष आढळला नाही. ग्राहक ब्रेक चुकीच्या पद्धतीने वापरतात. ग्राहकाला समज दिली." ती थांबली. "ही पहिल्या वेळची. दुसऱ्यावर बी हेच, अक्षर न अक्षर. खाली तपासणाऱ्याचं नाव, चंपत. अन् तुमची सही."

चंपतच्या कानशिलाजवळची शीर उडायला लागली. त्याला राग नवीन नव्हता. दिवसातून चारदा यायचा आणि जायचा. पण हा वेगळा होता. हा तोंडाकडं आलाच नाही. हातात उतरला.

"पंकज," तो म्हणाला, "बाकीच्या गाड्यांच्या कार्डावर काय लिवलं?"

"काका, मले जे सांगतात ते मी टाइपतो."

"मी सांगतलं ते टाइप कराले बसवलं तुले!"

"तुमी नाई," पंकज पुटपुटला आणि त्याची नजर सुरेंद्रकडं गेली.

सुरेंद्रनं चंपतच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्त्री, चला आत. केबिनमधी बोलू."

"इथंच बोला. सही बाहेर दाखवता, त बोलनं बी बाहेर होऊ द्या."

"अहो, वॉरंटीचे क्लेम असे टाकता येत नाई. वरून विचारतात, तुमच्याच शोरूममधून एवढे क्लेम काऊन येतात म्हणून. आपलं रेटिंग पडते. दोन-चार लोकांची कुरकुर असते, हवा काढून दिली का निघून जातात. तुमाले नाई समजत ते."

"कुरकुर?" चंपतनं दीक्षाच्या कोपराकडं बोट केलं. "हे कुरकुर होय?" त्यानं पंकजच्या टेबलावरून गाडीची किल्ली उचलली आणि सुरेंद्रसमोर धरली. "घ्या. गाडी ओके हाय ना? चालवा. मी मांगं बसतो. पंधरा किलोमीटर जाऊ, ब्रेक तापवू, अन् उतारावर तुमी समोरचा दाबा. फक्त समोरचा. थांबली गाडी त मी या कार्डावर आणखी धा सह्या करतो."

सुरेंद्रनं किल्लीकडं पाहिलं. हात पुढं केला नाही. "मले मीटिंग हाय."

"मीटिंगले अर्ध्या घंट्यानं जा."

"चंपत, जास्त होऊन राह्यलं तुझं."

आतापर्यंतचं 'चंपतभाऊ' आणि 'मिस्त्री' गळून पडलं होतं. चंपतनं किल्ली टेबलावर आपटली. "स्वतः बसत नाई! घरच्या माणसाले बसवशीन या गाडीवर? तुझ्या बायकोले दे ना ही गाडी, शाळेत जाऊ दे तिले डोंगर उतरून! बसाले नाई पाहिजे, पन सही पाहिजे चंपतची!"

मग त्यानं पंकजपुढचं दीक्षाच्या नव्या तक्रारीचं कोरं कार्ड ओढलं, पेन घेतलं, आणि जिथं इंग्रजी छापून यायचं तिथं मराठीत लिहिलं: 'ही गाडी मी दोनदा चालवली. तापल्यावर समोरचा ब्रेक लागत नाही. मास्टर कंपनीतूनच खराब आहे. ही गाडी रस्त्यावर नेऊ नये. आधीच्या दोन कार्डांवरचा मजकूर माझा नाही, खोटा आहे.' खाली सही केली. सुरेंद्र "अरे, हे चालत नाई, कंपनी मराठी घेत नाई" म्हणत पुढं होईपर्यंत दीक्षानं खाली कार्बनवर उमटलेली गिऱ्हाइकाची प्रत फाडून घेतली होती.

त्या दिवशी चंपत दुपारीच घरी आला. बायको सोजरबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. ती बाजारात भाजी विकायची. त्यानं चपला भिरकावल्या आणि सगळं सांगितलं, सुरेंद्रला, पंकजला, कंपनीला शिव्या घालत. सोजरबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. जुडी बाजूला ठेवली.

"त्यायनं खोटं लिवलं, ते तर झालंच. पन तुमाले वाचता येत नव्हतं, त विचाराले तोंड नव्हतं काय?"

"मले काय माहीत..."

"माहीत होतं का ब्रेक लागत नाई. हे तर माहीत होतं ना? मंग गाडी गेटाबाहेर कशी जाऊ देली? गॅरेजात असते त चाबी खिशात घातली असती तुमी. लोकाइले एवढ्या शिव्या देल्या जनमभर, 'लेकराले काऊन नेतं' म्हणून. अन् सात गाड्या सोडल्या?"

चंपत उठून पाण्याच्या टाकीपाशी गेला आणि उगाच हात धूत राहिला. सकाळपासूनच्या रागाला आता समोर कोणी उरलं नव्हतं. तो त्याच्याच अंगावर आला होता.

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये त्याला गाड्या धुवायला लावलं. फायनलला दुसरा माणूस उभा केला. चंपत पाइप हातात घेऊन दिवसभर गाड्यांचा चिखल काढत राहिला. तिकडं दीक्षा गप्प बसणारी नव्हती. तिनं चंपतच्या मराठी कार्डाचा फोटो, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि आधीची दोन कार्डं जोडून कंपनीच्या मोठ्या कचेरीला तक्रार पाठवली, आणि उत्तर येईपर्यंत रोज एक स्मरणपत्र पाठवत राहिली.

नवव्या दिवशी निजामाबादहून कंपनीचा साहेब आला. हिंदी बोलणारा, थकलेल्या चेहऱ्याचा माणूस. सुरेंद्रनं त्याला चहा पाजत सांगितलं की मिस्त्री अडाणी आहे, डोकं तापट आहे, पगारावरून रुसला आहे. पगाराचं तर कधी बोलणंच झालं नव्हतं. साहेबानं चंपतला बोलावलं.

"ये तुमने लिखा?"

"जी. बैठो पीछे. दिखाता."

दीक्षाची गाडी तिथंच पडून होती. चंपतनं साहेबाला मागं बसवलं, हायवेवरून ब्रेक दाबत-सोडत गाडी पळवली, मग एका आडरस्त्याच्या उतारावर वळवली. "साब, अभी सिर्फ सामने का मारता. पाव उठाके रखता." त्यानं मागच्या ब्रेकवरचा पाय उचलून साहेबाला दिसेल असा बाजूला धरला आणि समोरचं लीव्हर आवळलं. गाडी जरा अडखळली आणि लीव्हर खचत मुठीला टेकलं. गाडी पुन्हा वेग घ्यायला लागली. साहेबाच्या बोटांनी चंपतचा शर्ट खांद्यापाशी घट्ट पकडला. "बस, बस! रोको!" चंपतनं पाय टाकून मागच्या ब्रेकनं गाडी थांबवली. साहेब उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि रुमालानं मान पुसत राहिला.

परत आल्यावर त्यानं सुरेंद्रला तिथंच सांगितलं, या गाडीचा समोरचा सगळा सेट आजच बदला. पंकजनं क्लेम टाकला. दुपारपर्यंत दीक्षाची गाडी तयार झाली. फायनल चंपतनं केली, न विचारता.

"और बाकी छे गाड़ी?" त्यानं साहेबाला विचारलं.

"जो कंप्लेंट लेके आएगा, उसका देख लेंगे."

"साब, उनको तो बोल दिया कि तुम्हारी ही गलती है. वो काहे को आएंगे?" हिंदी पुरेना, तशी तो मराठीवर आला. "घरी बसून सोतालेच कोसत असतीन ते! का मलेच चालवता येत नाई! तुमी बोलवा त्याइले. फोन करा. नंबर हाय ना तुमच्या कॉम्प्युटरमधी?"

साहेबानं बॅग उचलली. सुरेंद्र म्हणाला, "कस्टमरची माहिती बाहेर देता येत नाई."

"मी बाहेरचा होय?"

"आजपासून होय."

चंपतनं पाण्याचा पाइप तसाच चालू टाकला आणि गेटाबाहेर पडला. वॉशिंगचं पाणी शोरूमच्या काचेपर्यंत वाहत गेलं, तरी त्यानं मागं पाहिलं नाही.

यादी त्याच्याकडं नव्हती. पण गाडी एकदा चालवली की ती त्याच्या डोक्यातून जात नसे. एकीच्या टाकीवर उडत्या गरुडाचं स्टिकर, एकीचा डावा आरसा नाही, एकीच्या सीटवर पिवळ्या दोऱ्यानं घातलेली शिवण. माणसांशी तो गप्पा मारायचा, त्यामुळं गावंही आठवत होती. आपल्या जुन्या गाडीवर पिशवी लटकवून तो निघाला.

पहिला भेटला तो जैनथचा कापडवाला. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला. "मी बायकोले रोज म्हणतो, ब्रेक खराब नाई, माझा हातच भारी हाय म्हणून." तांसीच्या एका ग्रामसेवकानं तर चंपतवरच संशय घेतला, की हा शोरूममधून काढलेला माणूस, सूड घ्यायला फिरतो आहे. चंपतनं त्याला त्याच्याच गाडीवर बसवून उतार दाखवला. मग त्याला पटलं.

चौथी गाडी नेरडीगोंड्याजवळच्या एका खेड्यात, मोतीराम नावाच्या भाजीवाल्याची. पहाटे वांगी-टोमॅटोची पोती लादून हायवेच्या बाजारात न्यायचा. चंपत दारात गेला तेव्हा गाडी चिंचेखाली उभी होती, पुढचा मडगार्ड वाकलेला. ओसरीवर मोतीराम बसला होता, गळ्यात हात बांधलेला. गळ्याखालचं हसळीचं हाड मोडून महिना झाला होता.

त्याची बायको बयनाबाई पाण्याची कळशी घेऊन आली. चंपतनं नाव सांगताच ती थबकली.

"चंपत? सहीवाला चंपत?" तिनं कळशी दणकन खाली ठेवली. आत गेली आणि फोटोमागं खोचलेलं कार्ड घेऊन आली. "आमच्या सुनेनं वाचून दाखवलं हे. का गाडीवाल्याचीच चूक हाय. माझा माणूस पडला तवा मी त्यालेच बोलली! महिनाभर बोलून राह्यली, का तुमाले अक्कल नाई, ओझं घेऊन पळवता. त्यानं बी मान खाली घातली. अन् तुमी आता सांगाले येता, का ब्रेकच खराब होता?"

"होय."

"तुमाले तवा माहीत होतं?"

चंपतला सांगता आलं असतं की मजकूर पंकजचा होता, हुकूम सुरेंद्रचा होता, इंग्रजी येत नव्हती. सगळं खरं होतं. "ब्रेक खराब हाय, हे माहीत होतं," तो म्हणाला. "गाडी जाऊ देली, ती मी."

बयनाबाई त्याला वाट्टेल ते बोलली. शेजारचे लोक जमले. तो उभा राहून ऐकत होता. एरवी कोणी अर्धा शब्द बोललं तर दहा सुनवणारा माणूस. शेवटी मोतीरामच म्हणाला, "बस कर वो. आला तर हाय. बाकी कोन आलं?"

"आला म्हणून काय आरती करू?" बयनाबाई म्हणाली आणि कळशी उचलून आत गेली. पाणी तिनं विचारलं नाही, आणि चंपतनंही मागितलं नाही.

तिथून तो थेट दीक्षाच्या शाळेवर गेला. सुट्टी झाली होती. त्यानं सगळं सांगितलं. दीक्षानं वर्गातल्याच टेबलावर बसून मोतीरामचा अर्ज लिहिला, एक तेलुगूत, एक इंग्रजीत. लिहून झाल्यावर प्रत्येक ओळ मराठीत सांगितली. चंपतनं दोनदा वाचायला लावली, मग साक्षीदार म्हणून सही केली. उरलेले दोघंही सापडले, आणि असे पाच अर्ज झाले. लोकांनी ते घेऊन एकाच दिवशी शोरूम गाठायचं ठरवलं, आणि गेलेही. मोतीराम गळ्यात हात बांधूनच आला, बयनाबाई सोबत. ती पंकजशी नाही, सुरेंद्रशी नाही, भर शोरूममध्ये नवीन गाड्या पाहायला आलेल्या लोकांशी बोलत होती: ही घेऊ नका, ही पाहा, हिनं माझ्या माणसाचं हाड मोडलं. तासाभरात निजामाबादहून फोन आला आणि पाचही गाड्यांचे सेट मंजूर झाले. मोतीरामच्या हाडाचं काय, याला कोणी उत्तर दिलं नाही. ती लढाई ग्राहक मंचात चालू आहे आणि तारखा पडत आहेत. त्यात चंपत साक्षीदार आहे.

पंकज त्या दिवशी चंपतच्या मागं गेटापर्यंत आला. "काका, माझ्यावर राग धरू नका."

"धरणार," चंपत म्हणाला. "तुले तर वाचता येत होतं."

सातवी गाडी राहिली होती, पिवळ्या शिवणीची. तिच्या मालकानं ती विकून टाकली होती. कोणाला, तर बेज्जूरकडच्या कोणाला, एवढंच त्याला ठाऊक. सोजरबाई म्हणाली, "आता बस झालं. एवढं जंगल पार करून कुठं शोधान?" चंपतनं पिशवीत पाने टाकले, स्वतःच्या पैशानं घेतलेल्या नवीन मास्टरचा खोका टाकला आणि बस पकडली. कागजनगरला बस बदलली. बेज्जूरला उतरून तो तीन दिवस तिथल्या एका ओळखीच्या टायरवाल्याकडं राहिला आणि बाजारात, पेट्रोलपंपावर, सरकारी दवाखान्याच्या आवारात उभ्या गाड्यांच्या सीट पाहत फिरला. लोक त्याला वसुलीवाला समजून गाड्या हलवायचे.

तिसऱ्या दिवशी बाजाराच्या कडेला ती दिसली. मालक तिशीतला, तेलुगू बोलणारा, विळे-कुऱ्हाडी विकायला बसलेला. चंपत त्याच्याजवळ गेला, लीव्हर दाबून दाखवलं. "अन्ना, ब्रेक लेदु," म्हणजे ब्रेक नाही. "हे खराब आहे. बदलायला आलो."

तो माणूस निवांतपणे हसला. म्हणाला, ते माहीत आहे. गाडी विकणाऱ्यानंच सांगितलं होतं, शोरूमवाले म्हणतात समोरचा ब्रेक वापरायचाच नाही, मागचा वापरायचा. म्हणून मी समोरच्याला हातच लावत नाही. आणि आता सवय झाली.

चंपतची नजर गाडीच्या मागच्या बाजूला गेली. मागच्या कॅरियरला लहान लेकरासाठी बांधलेली वेताची खुर्ची होती. त्याच्या तोंडून तेलुगू, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषांतल्या शिव्या एकदम बाहेर पडल्या. सुरेंद्रला, कंपनीला, गाडी विकणाऱ्याला, या हसणाऱ्याला. आजूबाजूचे विक्रेते उठून उभे राहिले. तो माणूस घाबरून म्हणाला, "पैसे नाहीत माझ्याकडे."

"मागितले कोणी?" चंपत ओरडला, खाली बसला, आणि पिशवीतून दहा नंबरचा पाना काढला. "चाबी दे इकडं. मी सांगतो तोवर या गाडीले हात लावू नको."